पायापासून डोक्यापर्यंत

इकडे आखातात, अल रीम आयलंडवर एका घरी मी रोज सकाळी बाळाला मालीश करून आंघोळ घालायला जायचे. बाळाची आई वसईची, माझ्याशी मराठीत बोलणारी. वडील हवाईचे. त्यांची आई सुनेच्या बाळंतपणासाठी तिकडून आली होती. तिला सगळे टुटू म्हणायचे. टुटू म्हणजे त्यांच्याकडे आजी.

मी पाय लांब करून बसायचे, बाळाला पायांवर घ्यायचे आणि खोबरेल लावायचे. टुटू समोर बसायची. माझा हात जिथे जाईल त्याचं नाव ती बाळाला सांगायची. पाऊल वावाए. गुडघा कुली. पोट ओपू. छाती उमाउमा. हात लिमा. मग नाक, डोळे, कान आणि शेवटी डोकं, पोओ. ऐकून ऐकून मलाही सगळं यायला लागलं, पण मी मनातच म्हणायचे.

टुटूच्या जाण्याच्या आदल्या दिवशी बाळ झोपल्यावर सासू-सुनेचं बराच वेळ काही चाललं होतं. मग सून माझ्याकडे वळली.

"मावशी, टुटू विचारते, मी गेल्यावर बाळाला आमचे शब्द कोण ऐकवणार? बाळाचा बाबा ऑफिसमधून येतो तेव्हा बाळ झोपलेलं असतं. मला तर चार शब्दसुद्धा येत नाहीत. तुम्ही मालीश करताना म्हणाल?"

मी मान हलवली.

"मग एकदा म्हणून दाखवा. नाहीतर टुटू तिकीट कॅन्सल करायची!"

टुटूने आपल्या डोळ्यावर बोट ठेवलं. तिने नाक दाखवलं, मग कान. चौथीत गुरुजींनी उभं केलं की येत असलेलं उत्तरही आठवायचं नाही, अगदी तसंच झालं. टुटूचा चेहरा उतरला. "नो प्रॉब्लेम," म्हणाली आणि बॅग भरायला उठली. ती रागावली असती तर मला इतकं लागलं नसतं.

मी सुनेच्या कानात म्हटलं, "मला वरून नाही येत. पायापासून येतं."

ती खो खो हसली आणि तिने सासूला सांगितलं. टुटू परत आली, माझ्यासमोर गालिच्यावर बसली आणि आपला भला थोरला पाय माझ्या मांडीवर टाकला. "यल्ला!" म्हणाली. म्हणजे चल, सुरू कर. हा अरबी शब्द ती इथे शिकली होती.

मी हाताला तेल लावलं. वावाए. कुली. पोटाशी मी अडखळले, तर तिनेच माझा हात धरून पोटावर ठेवला. ओपू! हसण्याने ते गदगदत होतं. उमाउमा, लिमा. नाक इहू. डोळा माका. कान पेपेइआओ. एकही चुकला नाही. शेवटी सवयीने मी उरलेलं तेल तिच्या टाळूवर थापलं. पोओ!

"अहो मावशी, ती कालच पार्लरला जाऊन आलीय!"

मी हात मागे घेतला. टुटूने केस चाचपले, तेलकट बोटं बघितली आणि दुसरा पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"अगेन."

या वेळी मी इतक्या मोठ्याने म्हटलं की आतल्या खोलीत बाळ जागं झालं.

"आता तुम्हीच झोपवा," सून म्हणाली.