गच्चीवरची दोन वाळवणं

मक्यापासून इथेनॉल काढलं की मागे पिवळट, आंबूस वासाचं पाणी उरतं. धुळ्याकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी आहे. त्या पाण्यात आम्ही खाण्यात चालणारी बुरशी वाढवून पाहत होतो. तिची सायीसारखी जाड लादी धरते. वाळवून ढोरांना घालता येते, असं कागदावर होतं. खरंच खातील का, हे मात्र मला डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून कोणाला न विचारता थोडी लादी पिंप्राळ्याला घरी आणली.

गच्चीवर बायकोचे बिबडे वाळत होते. आंबवलेल्या ज्वारीचे, लसूण-जिरं घातलेले पापड. शेजारी मी माझी लादी पातळ पसरली. दोन्ही वाळल्यावर दोन सारख्या पिशव्या जिन्यात ठेवल्या. यावलकडची अक्का, माझी थोरली बहीण, आली होती. जाताना तिनं बिबड्यांची म्हणून एक उचलली.

सोमवारी प्रयोगशाळेत मी माझी पिशवी उघडली, तर जिऱ्याचा वास.

संध्याकाळी अक्काचा फोन. "तुह्या बायकोचे बिबडे बिघडले रे भाऊ. तेलात फुललेच नाही, चामड्यावानी झाले. म्हशीले टाकले."

"खाल्ले तिनं?"

"पाटी चाटत बसली."

"शेण कसं आहे? दूध?"

"तू बिबड्याचं सोडून शेणाचं काय इचारतो? तिले सांग, ज्वारी जास्त आंबली."

आणि मी तो निरोप बायकोला तसाच दिला. बुरशी घरी आणल्याचं कारखान्यात कळेल, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर म्हैस खाते या आनंदात मला बाकी काही दिसलंच नाही. बिबड्यांसाठी सगळ्या नात्यात बायकोचं नाव होतं.

यंदा गच्चीवर बिबडे घालायला खाटेवर ओलं फडकं अंथरताना ती म्हणाली, "अक्कांना द्यायला नको. उगाच म्हशीची चैन." तेव्हा मी सगळं सांगितलं.

तिनं फडक्यावरचा हात थांबवला. "म्हणजे वर्षभर मी ज्वारीला दोष देत होते." मग ओल्या हातानंच माझा फोन पुढे सरकवला. "मला नको सांगू. त्यांना सांग."

सांगितलं. अक्का म्हणाली, "मंग चांगले बिबडे कुठी गेले?"

"आम्ही खाल्ले. प्रयोगशाळेत."

"फोन तिच्याकडे दे."

दोघी बोलत बसल्या. मी माझी यंदाची लादी उचलून गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला नेली.