पाठमोरी बाई

बहरीनला मी फिरायला गेले नव्हते, लेकीशी समोरासमोर बोलायला गेले होते. हे गेले तेव्हा मेधाला विमान मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं. भाच्याने व्हिडिओ कॉलवर तिला अंत्यदर्शन घडवलं. त्यानंतर दहा महिने आमचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'जेवले' एवढंच.

जानेवारीत जा, हवा छान असते. व्हिसा आधीच काढा.

मेधा तिथल्या सीफ भागात एका ऑफिसात अकाउंटंट आहे. दोन दिवस तिने मॉल दाखवले. तिथे रस्ता ओलांडायलाही गाडी लागते. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "पुरे. बघण्यासारखं काही असेल तर दाखव."

म्हणून अदलिया, तिथला चित्रदालनांचा भाग. गाडी ओळखीची, चालक चिपळूणचा. साडेतीन दिनार घेतले.

"काकू, चित्रं बघायला चाललाव? हकडे सगळे मॉललाच जातात."

"तुम्ही रस्ता बघा."

एका बंगल्यातल्या दालनात इटलीतल्या जुन्या धार्मिक चित्रांच्या मोठ्या छापील प्रती होत्या. प्रवेश मोफत, एसी कडक, शाल न्याच. आधी सोनेरी पार्श्वभूमीवरचे निर्विकार चेहरे. मग सातशे वर्षांपूर्वीचं एक भित्तिचित्र: आईने मेलेल्या येशूला कवटाळलंय, तोंडाजवळ तोंड नेलंय, वर देवदूत हंबरडा फोडताहेत. बी.ए.ला हे आम्हाला होतं. "शरीराचं वजन बघ, कापडाच्या चुण्या बघ," मी शिकवू लागले.

मेधाचं लक्ष भलतीकडेच. चित्रात अगदी पुढ्यात एक बाई आपल्याकडे पाठ करून बसली होती.

"आई, हीपण रडतेय."

"तोंड कुठं दिसतंय?"

"पाठ बघ ना." मग हळू आवाजात, "त्या दिवशी फोनवर मला तुझी पाठच दिसत होती. वाटलं, मी पोचले नाही म्हणून रागावलीस."

"रागावले? अगं, तू इथे एकटी. मला रडताना बघून काय केलं असतंस?"

"रडले असते. तुझ्याबरोबर."

परीक्षेत मी लिहिलं होतं, 'पाठमोऱ्या आकृतीमुळे चित्राला खोली येते.' गुणही मिळाले होते. मी शालीचं एक टोक तिच्या खांद्यावर टाकलं. बऱ्याच वेळाने आम्ही बाहेर आलो.

"आवडलं काय, काकू?" चालकाने विचारलं.

"बायकोला घेऊन या."

परत येऊन पंधरा दिवस झाले. वर्षश्राद्धासाठी मेधाची रजा मंजूर झालीय. काल व्हिडिओ कॉलवर तिच्याशी बोलता बोलता कपाट आवरत होते, ह्यांचा चष्मा हाती आला. डोळे भरले, सवयीने मी तोंड फिरवलं.

"आई, इकडे बघ."

बघितलं.