इस्त्री केलेला कार्डिओग्राम

कोळशाच्या इस्त्रीचा वास आला की मला सांगलीतल्या एका हृदयाच्या डॉक्टरांची खोली आठवते आणि अजून चिडचिड होते. पन्नास वर्षं तरी झाली असतील. फौजेतून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांचे पाय सुजत होते, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागायची. हृदय कमजोर झालंय, एवढं साताऱ्यात कळलं होतं. तिथं वर्षापूर्वी काढलेला कार्डिओग्राम घेऊन आम्ही पहाटेच्या एसटीनं सांगलीला गेलो. डॉक्टरांनी कार्डिओग्रामची नवी कागदी पट्टी काढली, तिच्यावरच्या एका रुंद वळणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हा बिघाड जुना आहे की आत्ताचा, त्यावर पुढचं औषध ठरेल. जुनी पट्टी द्या.” वडिलांनी पाकीट पुढं केलं. आतली पट्टी कडक, सरळ आणि सगळी काळीकुट्ट होती. हा कागद उष्णतेनं काळा पडतो, हे डॉक्टरांनीच सांगितलं. “इस्त्री मारली,” वडील म्हणाले, “लय चुरगळली हुती. सायबापुढं तशी कशी ठेवायची?” मग मला का सांगितलं नाही, असं मी दातओठ खात विचारलं. “तू वरडला असतास.” साताऱ्यापर्यंत मी ओरडतच आलो, आणि ते धापा टाकत खिडकीबाहेर बघत राहिले. आज माझी स्वतःची जुनी पट्टी दवाखान्यात न्यायची आहे. मघाशी पाकिटात घालण्याआधी मी ती मांडीवर ठेवून तळहातानं तीन वेळा सरळ केली.