रेणूच्या डॉक्टरांना न सांगितलेली गोळी

"ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले," नांदेडचे बालरोगतज्ज्ञ म्हणाले. म्हणजे वयाच्या मानाने सगळंच उशिरा. माझी रेणू चौदा महिन्यांची होती आणि आधार काढला की अजून कलंडायची. हाक मारली तरी वळून पाहायची नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "गरोदरपणात आईला काही औषध चालू होतं?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "न्हाई बा. कायबी न्हाई."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण आणि माझी सासू. मला सोळाव्या वर्षापासून फिट येतात, हे तिला माहीत होतं. तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, माहीत नव्हतं. भावाच्या लेकीला कोण करून घेणार, म्हणून तिने मला सून करून आणलं आणि माझा आजार लपवला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणायची. माझे वडील माझ्या माहेराहून, हट्टा गावाहून, दर महिन्याला चिवड्याच्या डब्यात तळाशी गोळ्या घालून आणायचे. मी त्या न्हाणीत जाऊन घ्यायची. दिवस राहिल्यावरही त्याच गोळ्या, तेवढ्याच.

मग तपासण्या सुरू झाल्या. आमचा हिंगोलीकडचा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता आणि अशा लेकरांसाठी आम्हाला नांदेडशिवाय गत नव्हती. थायरॉइड झालं, कान तपासले. नात्यातलं लग्न म्हटल्यावर कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी. रक्ताचा नमुना मुंबईला गेला आणि आम्ही दीड महिना वाट पाहत बसलो. दर वेळी रेणूच्या बारीक दंडात सुई. ती किंचाळायची, मी तिचा हात दाबून धरायची. यातलं निम्मं माझ्या एका शब्दाने वाचलं असतं, हे कळत असून मी गप्प होते. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गुणसूत्रांत दोष निघाला नाही. त्या दिवशी आत्या नव्हती, नवरा सोबत होता. डॉक्टरांनी पुढची तपासणी लिहायला घेतली, तसं मला राहवलं नाही. म्हटलं, "मी फिटच्या गोळ्या घेत होते. अजून घेते." पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. नवरा माझ्याकडे बघतच राहिला.

"व्हॅल्प्रोएट," डॉक्टरांनी वाचलं. "फिट आवरते, पण पोटातल्या बाळाच्या मेंदूला बाधू शकते."

"मग मी ती सोडायला पाहिजे होती?"

ते चिडले. "मनाने सोडली असती तर फिटमुळे तुम्ही आणि बाळ दोघंही धोक्यात आला असता. आधी सांगितलं असतं तर गोळी बदलता आली असती."

गोळीमुळे किती आणि नात्यातल्या लग्नामुळे किती, तेही विचारलं. ते म्हणाले, "त्याच्या वाटण्या करता येत नाहीत. या तपासणीत न दिसणारे दोषही असतात. पण हिला घरी जमिनीवर ठेवता का?"

ठेवतच नव्हतो. अशक्त लेकरू म्हणून आत्या तिला दिवसभर कडेवर वागवायची. तिने मागायच्या आत सगळं तोंडात घालायची. "मग ही हालेल कशाला आणि बोलेल कशाला?" डॉक्टर म्हणाले.

परतताना वारंगा फाट्याला, नवऱ्याच्या टायरच्या दुकानाशी, एसटीतून उतरल्यावर तो म्हणाला, "मला काहून सांगितलं न्हाई? मी काय परका व्हतो?" पुढच्या महिन्यापासून माझ्या गोळ्या तो स्वतःच आणू लागला.

नंतरची वर्षं व्यायामाची. छातीखाली गोधडीची गुंडाळी घालून रेणूला पालथं ठेवायचं, खेळणं हाताच्या पलीकडे ठेवायचं. ती रडायची. आत्या तिच्याहून जास्त रडायची. "लेकराचे हाल करून राहिली तू!" मीही तिच्यावर ओरडायची. रेणू तीन वर्षांची झाल्यावर चालली, चौथ्या वर्षी दोन-चार शब्द बोलली. वाटलं होतं, आता सुटलो. कसलं काय! शाळेत एक वर्ष उशिरा गेली, आणि वजाबाकी तिला अजून जमत नाही.

फिटच्या गोळ्या घेणाऱ्या बायांनो, मनाने गोळी बंद करू नका. लेकराचा विचार करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. सासू शेजारी बसली असली तरी सांगा.

घरात आता लपवाछपवी नाही. फिट आली तर काय करायचं, ते ह्यांनी रेणूला शिकवलं. ती नऊ वर्षांची असताना औंढ्याला एका नातेवाइकाच्या लग्नात माझी गोळी चुकली आणि मांडवातच फिट आली. मला काही आठवत नाही, ह्यांनी नंतर सांगितलं. बायका धावल्या, कुणी नाकाला लावायला चप्पल आणली. आत्या पाहुण्यांना सांगत होती, "उन्हानं चक्कर आली तिला." रेणू गर्दीतून आत घुसली. तिला एकेक शब्द जोर लावून काढावा लागतो. अख्ख्या मांडवासमोर ती ओरडली, "चक्कर न्हाई. फिट. माझ्या आईला फिट येती. कुशीवर करा."