शुक्रवारी न फेकलेली चांदी

ती घटना आजही आठवते, कारण त्या दिवशी आपला जिल्हा एका भीषण कटातून वाचला. निदान प्रेसनोटमध्ये तसे छापले होते. तपास प्रेसनोटनंतर सुरू झाला.

नार्नूरच्या बाजारात आरसे आणि फोटोफ्रेमच्या दुकानात स्फोट झाला. खबऱ्याने आधीच सांगितले होते, "तिथं काळ्या पान्याच्या बाटल्या हायेत." दुकानदाराच्या भुवया जळाल्या होत्या, हातात काचा घुसल्या होत्या. मलमपट्टी झाल्यावर त्याला ठाण्यात माझ्यापुढे चौकशीला आणले. स्फोटकांचे कलम लागले असते, तर त्याची उरलेली उमर तुरुंगातच गेली असती.

"बाटलीत काय होतं?"

"आरशाले लावाचं चांदीचं पानी जी. अमोनिया घातलेलं. काम झालं, थोडं उरलं."

"फेकलं काऊन नाही?"

"सुकरवार होता सायेब! चांदी म्हंजे लक्ष्मी. सुकरवारी तिले नालीत वतू? माय घरात घेन नाही मले."

"मग शनिवारी?"

"इसरलो. एक बाटली घरी हाय. लक्ष्मीपुढं."

मी उठलो. त्याच्या आईला आधी घराबाहेर काढले. बाँबशोधक पथकाने लांबून दोरीने ओढताच बाटली धडाक्याने फुटली. आत ना वायर होती, ना बारूद.

माझे वरिष्ठ साहेब खूष झाले. "दोन बाँब! सही करा."

"सर, बाँब देव्हाऱ्यात ठेवून त्याच्यापुढे कोणी आपल्या आईला रोज उदबत्ती लावू देत नाही. मी स्फोटकांचं कलम लावणार नाही."

"मग बदलीवर बेज्जूरचं जंगल बघा."

"बघतो, सर."

मी 'अपघात' लिहिले आणि काळे डाग लागलेल्या काचा प्रयोगशाळेत पाठवल्या. उत्तर आले: सिल्व्हर नायट्राइड. ते पाणी ताजे असताना निरुपद्रवी असते. पण ठेवून दिले, की तळाशी हा काळा गाळ धरतो. यातल्या नायट्रोजनला चांदीची संगत मानवत नाही. तो हवेत परतायला निमित्तच शोधत असतो, आणि बाटलीला लागलेला एक धक्का त्याला पुरतो.

दुकानदार सुटला. मी बेज्जूरला गेलो आणि तिथे बरा झोपलो. माणसाच्या मोठ्या चुका बहुधा त्याच्या चांगल्या वळणातूनच होतात. म्हणून आधी 'काऊन' विचारावे, कलम नंतर शोधावे.

कट उधळल्याबद्दल साहेबांना प्रशस्तिपत्र मिळाले. त्याची फ्रेम त्याच दुकानात झाली.