हवालदार तळ्यात उतरले

सणसरच्या ज्ञानदेव हवालदारांचं आणि गावाचं कधी पटलंच नाही. फौजेत त्यांनी अठरा वर्षं काढली. त्यातली सहा अंदमानात, समुद्रातून थेट किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या ब्रिगेडमध्ये. पण गावाच्या लेखी फौजी म्हणजे बर्फात उभा राहिलेला माणूस. "हवालदार, बोटीत बसून पेन्शन कमावली व्हय?" असं पारावर कुणी ना कुणी विचारायचंच, आणि हवालदार पायातली चप्पल हातात घ्यायचेच.

गावातल्या बागायतदार विजयसिंहानं उसासाठी शेततळं खोदलं आणि भांडणाला नवं निमित्त मिळालं. तळं वीस फूट खोल, आतून काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. ना कुंपण, ना दोर. त्याच्या बांधावरून वस्तीवरची पोरं शाळेत जायची, त्यांत हवालदारांची नात करुणाही असायची. हवालदारांनी चारही कोपऱ्यांना गाठी मारलेले दोर बांधले. दुसऱ्या दिवशी दोरांचे तुकडे हवालदारांच्याच दारात पडले होते.

हवालदार तरातरा तळ्यावर गेले. विजयसिंह तिथंच उभा होता.

"माझ्या तळ्याला तुमच्या वस्तीनं अक्कल शिकवायची न्हाय," तो म्हणाला. "ज्याला पवता येतं, तो येतो भायेर."

हवालदारांचं डोकं फिरलं. त्यांच्या पलटणीत एक रिवाज होता. जहाजाचं दार उघडलं की सगळ्यांच्या आधी म्होरक्या पाण्यात उतरायचा. पाणी गळ्याला लागलं तर तो हात वर करायचा, मग मागचा एकही जवान पाय टाकायचा नाही. हवालदारांनी सहा वर्षं पाण्याची खोली स्वतःच्या अंगावर मोजली होती. त्यांनी बुटासकट तळ्यात उडी मारली.

पोहत ते कडेला आले, वर चढायला गेले आणि घसरून पुन्हा पाण्यात पडले. पुन्हा चढले, पुन्हा पडले. नखं कागदावर करकर वाजत होती. विजयसिंहानं मोबाईल काढला आणि शूटिंग सुरू केलं.

"समुद्र पालथा घातला म्हणं! या की वर!" तो खिदळला. "तळं चांगलं हाय म्हणा, मग दोर टाकतो."

"तुमी आत या. दोघं मिळून म्हणू!"

असा अर्धा तास गेला. हवालदारांचे हात भरून आले, नाकातोंडात पाणी जायला लागलं, तरी 'तळं चांगलं हाय' एवढं काही त्यांच्या तोंडून निघेना. शेवटी विजयसिंहाचा गडी झुंबर यानं ठिबकची जाड नळी आत फेकली.

"उद्यापासनं कामावर येऊ नगंस," विजयसिंह म्हणाला.

"न्हाय येत," झुंबर म्हणाला आणि ओढत राहिला.

संध्याकाळी विजयसिंहानं तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकला. गडी माणसं पोट धरून हसली. बायका मात्र हसल्या नाहीत. विजयसिंहाची बायको राजेश्वरी हिनं तो तीनदा पाहिला.

"पवणाऱ्याची ही गत," ती म्हणाली, "मग आपल्या ऋषिराजची काय हुईल? रोज तळ्याकाठी खेळतंय पोरगं. दोर बांधल्याबिगर मी तुमच्याशी बोलायची न्हाय."

तिनं दोन दिवस तोंडातून अक्षर काढलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी करुणाला सोडायला निघालेल्या हवालदारांना चारही कोपऱ्यांना नवेकोरे दोर दिसले. विजयसिंह शेवटची गाठ मारत होता. हवालदारांना आनंद वगैरे काही झाला नाही, उलट तिडीकच आली. त्यांनी नातीला लांब उभं केलं, सगळे दोर ओढून पाहिले आणि सैल गाठी शिव्या घालत पुन्हा मारल्या.

विजयसिंह मान फिरवून म्हणाला, "आता वजन धरंल का दोर?"

"बांधणाऱ्यानं उतरून बघायचं असतं," हवालदार म्हणाले.

विजयसिंहानं पायातली चप्पल काढली. हवालदारांची मूठ वळली. पण त्यानं चप्पल बांधावर ठेवली, दोर धरला आणि पाण्यात पाय टाकला.