मोहफुलांच्या दिवसांतली ग्रामसभा

पंचायतीत बसलो होतो, तेव्हा बहिणीचा फोन आला. "दादा, रोशनी नाही रायली…" कावीळ वाढली म्हणून भाचीला नागपूरला नेलं होतं, हे मला ठाऊक होतं. रविवारी भेटायला जाणार होतो. माझं बरंचसं असंच, पुढे ढकललेलं. त्या फोनला आता दीड महिना होत आला.

सामाजिक धोरण या विषयात एम.ए. करायला रोशनी मुंबईला गेली, तेव्हा नात्यातला जो तो विचारायचा, याने नोकरी कोणती लागते? मीही विचारलं. ती हसली. "तुमच्यासारख्या ग्रामसेवकाले कामाले लावाची, मामाजी." शेवटच्या वर्षी संशोधनासाठी तिने नागझिऱ्याच्या जंगलाकडेचा, माझ्याच पंचायतीतला एक गोंड टोला, म्हणजे छोटी वस्ती, निवडला. योजना येतात, मग त्यांतून याच टोल्यातली माणसं का सुटतात, हा तिचा प्रश्न. ग्रामसभेला कुणी येतच नाही, हे उत्तर माझ्याकडे तयार होतं. आळशी आहेत, असंही मी म्हणालो होतो. ती प्रश्न घेऊन घरोघर फिरली, बंद दारं पाहिली आणि मग पहाटे टोपली घेऊन बायांबरोबर मोहफुलं वेचायला जाऊ लागली. समोर बसवलं की माणूस गप्प होतो, वाकून काम करताना आपणहून बोलतो, असं तिचं म्हणणं. एका दुपारी कंबर धरत पंचायतीत आली.

"मामाजी, ह्या दिवसात सभा सकाळी दहाले कायले ठेवता? पुरा टोला जंगलात रायते. फुल का तुमची वाट पाहीन? ते जनावर खाऊन जाते."

"सरकारी वेळ आहे ती."

"मंग संध्याकाळी घ्या ना, टोल्यावरच."

"पाहू पुढच्या वर्षी."

विद्यापीठात तिच्या प्रबंधाचं कौतुक झालं. पुढे ती गोंदियात काम करू लागली, मोहफुलांच्या दिवसांत आठवण करून द्यायची, आणि मी पुढचं वर्ष दाखवायचो. वेळ बदलायला मला कुणाची आडकाठी नव्हती… सौंदड स्टेशनवरून घरी परतायची संध्याकाळची गाडी चुकवायची नव्हती, एवढंच.

गेल्या आठवड्यात सभा टोल्यावर, दिवेलागणीला घेतली. बाया आल्या, अंगाला फुलांचा वास घेऊनच. रोशनी जिच्यासोबत वेचायला जायची, ती म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली, "आता आला काऊन? पोरगी होती तवा येतास." मी विषयपत्रिका उघडली. विषय वाचून झाले, लोक उठू लागले. तेव्हा रोशनीची एक सवय आठवली. कुणाशीही बोलून झालं की ती शेवटी विचारायची, "माझं काय इचाराचं रायलं?" तिच्याच शब्दांत मी विचारलं.

घराकडे निघालेली एक बाई थांबली. मागे वळली आणि पदर सावरत पुन्हा खाली बसली. मग तिच्या बाजूच्या बसल्या.